फराळाचं पार्सल आणि कस्टम्सचा कागद

परदेशी जाणाऱ्या पार्सलचा कस्टम्सचा फॉर्म घरी बसून, डबे भरता भरता, वजनकाटा शेजारी ठेवून भरावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. टपाल कचेरीच्या खिडकीवर, मागे रांग ताटकळत असताना, तो धड भरला जात नाही. 'फूड आयटम्स' असं मोघम काहीतरी लिहिलं जातं, वजन अंदाजानं टाकलं जातं, किमतीच्या रकान्यात सुचेल तो आकडा पडतो. फराळाची जी पार्सलं परदेशात अडकतात, परत येतात किंवा तिथेच नष्ट केली जातात, त्यांतली कितीतरी या तीन रकान्यांपायी.

आधी हा कागद कशासाठी असतो ते पाहू. देशात बाहेरून येणाऱ्या मालावर सरकार जो कर घेतं ते सीमाशुल्क. तो वसूल करणारं आणि कोणता माल आत येऊ द्यायचा हे ठरवणारं खातं म्हणजे कस्टम्स. आपलं पार्सल या खात्याला दोनदा भेटतं. एकदा इथून निघताना आणि दुसऱ्यांदा, जास्त कसून, तिकडे पोहोचल्यावर. मुंबईच्या टपालासाठी निघतानाची तपासणी बरीच वर्षं बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कार्यालयाशी जोडलेली आहे. दोन्ही ठिकाणी अधिकाऱ्यासमोर बंद खोका असतो आणि त्यावर आपण लिहिलेले शब्द असतात. त्या शब्दांवरून तो ठरवतो की खोका पुढे सोडायचा, क्ष-किरण यंत्राखाली घालायचा की फोडायचा.

हा फॉर्म जगभर जवळपास एकसारखा असतो. जगातल्या टपाल खात्यांची एक संघटना आहे, जागतिक टपाल संघ. ती 1874 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे स्थापन झाली आणि भारत 1876 पासून तिचा सदस्य आहे. तिनंच हे नमुने ठरवून दिले आहेत. छोटा नमुना सीएन 22, मोठा सीएन 23. खिडकीवरचे कर्मचारी त्यांना याच नावांनी ओळखतात, तेव्हा हे दोन शब्द लक्षात ठेवलेले बरे.

आता पहिली पायरी, काय पाठवता येईल ते ठरवणं. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण इथली चूक पुढे कितीही सुबक अक्षरात फॉर्म भरला तरी सुधारत नाही.

दूध आणि मांस यांपासून सुरुवात करू. युरोपीय संघाचे देश आणि ब्रिटन भारतातून टपालानं येणारे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ घेत नाहीत. म्हणजे साजूक तुपाची बरणी, पेढे, खव्याची बर्फी, श्रीखंडाच्या वड्या यांतलं काहीही लंडनला किंवा म्युनिकला पाठवू नये. गोव्याहून लंडनला किंवा लिस्बनला चोरीस, म्हणजे तिथलं मसालेदार सॉसेज, पाठवायचा मोह होतो. तेही याच नियमात अडकतं. ब्रेड, केक, बिस्किटं अशा भाजक्या पदार्थांना मात्र सवलत आहे, त्यामुळे नानकटाईची अडचण सहसा येत नाही. ऑस्ट्रेलिया दुधाच्या मिठायांबाबत फारच कडक आहे. गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग आपल्याकडून तिकडे जाऊ नये ही त्यामागची भीती. तिथलं शेती खातं भारतीय मिठायांबद्दल दिवाळीच्या सुमारास खास सूचनाही काढतं.

दुसरं प्रकरण धान्याचं. खापरा भुंगेरा ही साठवणीच्या धान्यातली कीड भारतीय उपखंडात सर्रास आढळते. तिची अळी खाण्यावाचून फार काळ तग धरते आणि एकदा गोदामात शिरली की हटता हटत नाही. या किडीच्या धास्तीनं अमेरिकेनं 2011 पासून भारतासारख्या देशांतून वैयक्तिक सामानात आणि टपालात येणारा तांदूळ बंद केला. ऑस्ट्रेलियानं 2020 पासून यादी आणखी वाढवली. त्यात तांदूळ, हरभरे, तूर, मूग, शेंगदाणे, अख्खे धणे, अख्खे जिरे, वाळलेल्या मिरच्या असं बरंच काही आहे. मुलीनं गोडा मसाला घरीच करावा म्हणून आपण कच्चं साहित्य बांधून दिलं, तर ते सिडनीला पोहोचत नाही.

या नियमात एक जागा अशी आहे जी चटकन लक्षात येत नाही. राखीच्या किंवा भाऊबीजेच्या पाकिटात आपण कुंकवाबरोबर अक्षता घालतो. अक्षता म्हणजे कच्चा तांदूळ. चिमूटभर असल्या तरी त्या तांदळातच मोजल्या जातात आणि त्यांच्यापायी राखीचं पाकीट अडू शकतं. पाठवायची ती राखी पाठवावी, ओवाळायच्या अक्षता भावानं तिथल्या तांदळाच्या कराव्यात. अमेरिकेला ताज्या कढीपत्त्याच्या डहाळ्याही चालत नाहीत, कारण त्यावरून लिंबाच्या झाडांचा रोग पसरतो.

खसखस हा तिसरा सापळा. ती अफूच्या बोंडातलं बी असल्यामुळे संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. सिंगापूरही तिच्याकडे अमली पदार्थांच्या नजरेनं बघतं. आपल्याकडे खसखस कुठे कुठे असते ते आठवून पाहा. अनारशावर असते, बऱ्याच घरांच्या गोड्या मसाल्यात असते, करंजीच्या सारणात असते. दुबईला फराळ पाठवायचा असेल तर अनारसे वगळा आणि सारण खसखशीवाचून करा. तिथे हा प्रश्न पार्सल परत येण्यावर मिटेलच असं नाही, ज्याच्या नावानं पार्सल आलं त्याला उत्तरं द्यावी लागू शकतात. एरवी मी सुचवतो तिथे हे मात्र निक्षून सांगतो.

औषधांचंही आखातात असंच आहे. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही खोकल्याच्या आणि दुखण्यावरच्या औषधांतले घटक तिथे नियंत्रित आहेत. औषध पाठवायचंच झालं तर मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि तिथे चालतं की नाही याची खात्री करूनच पाठवावं.

बाकी विमानातून न जाणाऱ्या वस्तू बहुतेकांना ठाऊक असतात, तरी दिवाळीच्या उत्साहात खोक्यात पडतात. फुलबाज्या, काडेपेटी, अत्तर, फवाऱ्याचे डबे, नेलपॉलिश, पॉवर बँक हे सगळं बाजूला काढा. नोटा घालू नका आणि पाडव्याचं चांदीचं नाणंही नको.

दुसरी पायरी बांधणी आणि वजन. प्रत्येक पदार्थ वेगळ्या पिशवीत घट्ट बंद करा. त्यावर इंग्रजीत नाव, त्यातले मुख्य घटक आणि केल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. विशेषतः पिठांच्या आणि पुडांच्या बाबतीत हे विसरू नका. मेतकूट, उटणं, रांगोळी आणि सुंठवडा यांच्या बिननावाच्या चार पिशव्या क्ष-किरण यंत्रात दिसल्या, तर कोणत्याही देशाचा अधिकारी खोका उघडणारच. त्याची त्यात काही चूक नाही.

पिशवी बंद झाली की लगेच काट्यावर ठेवून वजन कागदावर टिपा. फॉर्ममध्ये प्रत्येक वस्तूचं निव्वळ वजन, म्हणजे खोका आणि वेष्टन सोडून फक्त वस्तूचं वजन, वेगळं विचारलेलं असतं. सगळ्यांचं मिळून एकूण वजन शेवटी येतं आणि ते खोक्यासकट असतं. नेमके हे दोन आकडे एकमेकांत मिसळले जातात. निव्वळ वजनांची बेरीज एकूण वजनापेक्षा जास्त भरली, तर फॉर्म तिथेच खोटा ठरतो.

खोका मात्र घरून चिकटपट्टीनं पक्का बंद करून नेऊ नका. बुकिंगच्या वेळी आत काय आहे ते बघायला मागतात. चिकटपट्टीचं रीळ आणि कात्री सोबत न्यावी. पाठवणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्सही लागते, तीही आधीच काढून ठेवावी.

तिसरी पायरी सेवेची निवड. दोन किलोपर्यंतची वस्तू छोट्या पाकिटाच्या सेवेनं, म्हणजे ट्रॅक्ड पॅकेट म्हणून जाऊ शकते. त्याहून जड असेल तर आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट किंवा हवाई पार्सल. त्यावर फॉर्म ठरतो. छोट्या पाकिटावर, आतल्या मालाची किंमत 300 एसडीआरच्या आत असेल, तर सीएन 22 पुरतो. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन आहे. 300 एसडीआर म्हणजे साधारण 400 अमेरिकी डॉलर. किंमत त्यावर गेली, किंवा पार्सल असलं, की सीएन 23. साध्या पाकिटात राखी घातली तरी ती वस्तू झाली, नुसतं पत्र राहिलं नाही. तेव्हा त्या पाकिटावरही सीएन 22 लागतोच.

आता फॉर्म पुढे घेऊ. तो इंग्रजीत, मोठ्या सुट्या अक्षरांत आणि बॉलपेननं भरावा.

नाव आणि पत्ता. घेणाऱ्याचं नाव त्याच्या तिथल्या ओळखपत्रावर असेल तसंच लिहा. घरी बाळ्या किंवा ताई म्हणत असलो तरी टपाल कचेरीत पार्सल सोडवायला जाताना त्याला ओळखपत्र दाखवायचं असतं. जर्मनीत पत्रपेटीवर आणि दाराच्या घंटीवर जे नाव आहे तेच पार्सलवर असावं लागतं. मुलगी माहेरचं नाव लावते की सासरचं, हे अशा वेळी विचारून घ्यावं. अमिरातीत आपल्यासारखा पिनकोड नाही, तिथे पोस्ट बॉक्सचा क्रमांक चालतो. देशाचं नाव शेवटच्या ओळीत, पूर्ण. आणि घेणाऱ्याचा फोन नंबर देशाच्या कोडसह प्रत्येक वेळी लिहा, कारण अडलेलं पार्सल सोडवायला तिकडचं टपाल खातं आधी तोच शोधतं.

मग येतो प्रकार. भेट, कागदपत्रं, नमुना, विक्रीचा माल, परत पाठवलेला माल, इतर अशा चौकटी असतात. त्यांतल्या एकीवर खूण करायची. भेट म्हणजे एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला, पैसे न घेता, घरगुती वापरासाठी पाठवलेली वस्तू. पुण्या-ठाण्यातली बरीच फराळाची दुकानं परदेशी पार्सल स्वतः बांधून पाठवतात. सोय उत्तम आहे. पण पाठवणारा म्हणून दुकानाचं नाव पडलं, तर तिकडच्या कस्टम्सच्या लेखी ती खरेदी ठरू शकते आणि भेटीची सवलत हातची जाते. बुकिंग कुणाच्या नावानं होणार, हे दुकानदाराला आधी विचारा. उलट आपण घरगुती मसाले विकत असू, तर 'भेट' वर खूण करून माल धाडणं हा सरळ गुन्हा आहे. विक्रीच्या मालासाठी निर्यातीची वेगळी नोंद करावी लागते. टपाल खात्यानं 2022 पासून त्यासाठी डाक घर निर्यात केंद्रं उघडली आहेत, तिथे ही नोंद करण्यात मदत मिळते.

वर्णनाचा रकाना हा या सगळ्याचा कणा आहे. समोरच्या अधिकाऱ्यानं चकली कधी पाहिलेली नाही, खाल्लेली नाही, असं धरून लिहा. काय आहे, कशाचं केलं आहे, कशासाठी आहे, एवढी तीन उत्तरं त्याला मिळाली की पुरे. 'गिफ्ट', 'फूड', 'क्लोद्स', 'पर्सनल इफेक्ट्स', 'दिवाळी आयटम्स' या शब्दांतून यांतलं काहीच कळत नाही. युरोपीय संघाच्या यंत्रणेत असे ढोबळ शब्द मुळात स्वीकारलेच जात नाहीत.

नमुने देतो, आपण ते रोमन अक्षरांत लिहावेत. चकलीसाठी 'होममेड फ्राइड स्नॅक, राइस अँड लेंटिल फ्लोर'. मेतकुटासाठी 'रोस्टेड लेंटिल अँड स्पाइस पावडर, फूड'. उटण्यासाठी 'हर्बल बाथ पावडर, कॉस्मेटिक'. रांगोळीसाठी 'कलर्ड स्टोन पावडर फॉर फ्लोर डेकोरेशन'. आकाशकंदिलासाठी 'पेपर लँटर्न, फोल्डेड, नो बल्ब'. पैठणीसाठी 'सिल्क सारी, विमेन्स गारमेंट, न्यू'. वापरलेला स्वेटर असेल तर 'यूज्ड' हा शब्द जरूर घाला, त्यानं कमी किमतीचं कारणही आपोआप कळतं. चकली, चिवडा ही मूळ नावं पुढे जोडायला हरकत नाही, पण नुसती तेवढी नकोत. बेसनाचे लाडू तुपाचे असतील तर 'क्लॅरिफाइड बटर' लिहा, लपवू नका. तूप लपवून लाडू आत गेले तर काही घडत नाही असं वाटतं, पण उघडले गेले तर ते जप्त होतात, आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशात खोटी माहिती हा दंडाचा विषय आहे.

अमेरिकेला खाद्यपदार्थ पाठवताना 'होममेड' आणि 'पर्सनल गिफ्ट' हे शब्द विशेष कामाचे आहेत. तिथल्या 2002 सालच्या एका कायद्यानुसार, बाहेरून येणाऱ्या अन्नाची त्यांच्या अन्न व औषध प्रशासनाला आगाऊ सूचना द्यावी लागते. मात्र ज्यानं स्वतःच्या घरी पदार्थ केला आणि स्वतःच एखाद्या व्यक्तीला भेट म्हणून पाठवला, त्याला या सूचनेतून सूट आहे. शेजारच्या दुकानातून आणलेल्या चकल्यांना ही सूट लागू होत नाही. आईनं स्वतः केलेला फराळ आईच्याच नावानं जावा, हे या नियमात बसतं.

किंमत. शून्य लिहू नका. 'घरचंच आहे, याची कसली किंमत' हे भावनेनं बरोबर असलं तरी कस्टम्सच्या हिशेबात शून्य किमतीची वस्तू नसते. तोच पदार्थ बाजारात ज्या भावानं मिळतो तो भाव लावा आणि रुपये की डॉलर तेही लिहा. नुसता 2500 हा आकडा पाहिला तर तो डॉलरही वाटू शकतो. कर वाचावा म्हणून नव्या साडीची किंमत दोनशे रुपये लिहिणारेही भेटतात. पार्सल हरवलं तर भरपाईचा हिशेब या लिहिलेल्या किमतीच्या आत होतो, आणि अधिकाऱ्याला शंका आली तर तो स्वतःच्या अंदाजानं किंमत ठरवून कर लावतो. दोन्हीकडून तोटा आपलाच.

एक भरलेला फॉर्म डोळ्यासमोर आणू. ब्रिटनला जाणारं पार्सल आहे. पहिली ओळ चकली, 500 ग्रॅम, 400 रुपये. दुसरी चिवडा, 500 ग्रॅम, 300 रुपये. तिसरी शंकरपाळे, 500 ग्रॅम, 300 रुपये. चौथी सुती कुर्ता, नग 1, 250 ग्रॅम, 900 रुपये. पाचवी दिवाळी अंक, नग 2, 600 ग्रॅम, 600 रुपये. निव्वळ वजन 2,350 ग्रॅम, किंमत 2,500 रुपये. खोक्यासकट वजन 2,900 ग्रॅम. म्हणजे दोन किलोच्या वर गेलं, सीएन 23 लागणार. प्रत्येक वस्तूची ओळ वेगळी आहे, बेरजा जुळतात, आणि मूळ देशाच्या रकान्यात पाचही वेळा 'इंडिया' आहे. एवढं असलं की फॉर्म वाचणाऱ्याला प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

एचएस कोड या नावाचा एक रकाना असतो, त्यानं उगाच घाबरायला होतं. जगातल्या प्रत्येक मालाला दिलेला हा वर्गीकरणाचा क्रमांक. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत एकच असतात. पूर्वी तो फक्त व्यापारी मालाला लागायचा, आता भेटीच्या पार्सललाही मागितला जाऊ शकतो. फरसाण-चिवड्याच्या जातीच्या पदार्थांना आपल्याकडे 210690 वापरतात, मिश्र मसाल्यांना 091091, छापील पुस्तकांना 490199, नियतकालिकांना, म्हणजे आपल्या दिवाळी अंकांना, 490290. नेहमी जाणाऱ्या वस्तूंचे कोड एकदा वहीत लिहून ठेवले की दरवर्षी शोधावे लागत नाहीत.

शेवटी तारीख आणि सही. प्रती जितक्या असतील तितक्यांवर सही हवी. या सहीनं आपण सांगतो की लिहिलेलं खरं आहे आणि आत धोकादायक किंवा मनाई असलेलं काही नाही. पार्सल पोहोचवता आलं नाही तर काय करायचं, परत पाठवायचं की सोडून द्यायचं, अशा चौकटीही पार्सलच्या कागदावर असतात. परत मागवलं तर परतीचा खर्च पाठवणाऱ्यावर येऊ शकतो. फराळ महिन्याभरानं परत येऊन खाण्याजोगा राहत नाही, तेव्हा निव्वळ फराळ असेल तर सोडून देण्यावर खूण करणं शहाणपणाचं. साडी किंवा पुस्तकं असतील तर अर्थातच परत मागवा.

चौथी पायरी खिडकीवरची, आणि ती आता पूर्वीपेक्षा फार महत्त्वाची झाली आहे. आपण कागदावर लिहिलेलं खिडकीपलीकडचे कर्मचारी संगणकात भरतात आणि ती माहिती पार्सलच्या आधी त्या देशात पोहोचते. 2021 पासून टपालाच्या जगात ही आगाऊ माहिती बंधनकारक झाली. माहिती नसेल किंवा संशयास्पद असेल, तर पार्सल विमानात चढवू नका असं तिकडून कळवलं जाऊ शकतं. म्हणजे आपण कागदावर तीन ओळी भरून चकलीचं वर्णन केलं आणि संगणकात 'फूड' एवढंच गेलं, तर अधिकाऱ्याला आधी दिसणार 'फूड'. म्हणून पावती छापण्याआधी नम्रपणे विनंती करा, 'साहेब, स्क्रीनवर काय आलंय ते एकदा बघू का?' नाव, पत्ता, पिनकोड, फोन आणि वर्णन एवढं वाचून घ्या. गर्दीच्या दिवसांत त्यांनाही घाई असते, म्हणून सकाळी लवकर आणि दिवाळीच्या बरंच आधी जावं. सुवाच्य अक्षरातला तयार फॉर्म हातात दिला की पुढचं काम दोघांनाही सोपं जातं.

खासगी कुरिअरनं पाठवलं तरी नियम त्या देशाचेच असतात. फॉर्मऐवजी मालाची यादी आणि किंमत असलेलं इनव्हॉइस बनवतात, इतकंच. तेही सही करण्याआधी पूर्ण वाचावं.

आता कराबद्दल थोडं, कारण घेणाऱ्याला अचानक पैसे भरावे लागले की पाठवणाऱ्याला चुटपुट लागते. भेटींसाठी प्रत्येक देशाची मर्यादा वेगळी आहे. युरोपीय संघात 45 युरोपर्यंतच्या भेटीला कर नाही, ब्रिटनमध्ये 39 पौंडांपर्यंत, कॅनडात 60 कॅनेडियन डॉलरपर्यंत. मर्यादा ओलांडली की कर लागतो आणि वर टपाल खातं हाताळणीचं शुल्क घेतं. ब्रिटनमध्ये एकाच खोक्यात अनेकांच्या भेटी असतील आणि प्रत्येकाची वेगळी बांधून त्यावर नाव घातलेलं असेल, तर मर्यादा माणशी मोजतात. तेव्हा जावई, मुलगी आणि दोन नातवंडं यांच्या पुड्या वेगळ्या करून फॉर्मवर तशी नोंद करावी.

अमेरिकेचा नियम 2025 मध्ये पुरता बदलला. 800 डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून बंद झाली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्यानं 25 ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं. 15 ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली ती शुल्क इथेच, पाठवणाऱ्याकडून, आधी घेण्याच्या पद्धतीनं. व्यक्तीनं व्यक्तीला पाठवलेल्या 100 डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीची सवलत वेगळी आहे. तिकडचे दर वारंवार बदलत असल्यानं खोका बांधण्याआधी टपाल कचेरीत एक फोन करून विचारणं उत्तम.

पार्सल निघालं की पावतीवरचा तेरा अक्षरांचा क्रमांक हाती येतो. सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची 'आयएन' ही खूण. याच क्रमांकानं पार्सल इथल्या आणि तिकडच्या, दोन्ही टपाल खात्यांच्या संकेतस्थळांवर शोधता येतं. पार्सल देशाबाहेर पडल्यावर तिकडच्याच संकेतस्थळावर बघा, तिथे माहिती जास्त ताजी असते. 'हेल्ड बाय कस्टम्स' असं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. दोन-चार दिवस तपासणीत जातात. आठवडा उलटूनही तेच दिसत असेल, तर हालचाल करावी.

ती हालचाल घेणाऱ्यानं करायची असते. आपण इथल्या कचेरीत कितीही खेटे घातले तरी तिकडच्या कस्टम्सशी बोलण्याचा अधिकार तिथल्या टपाल खात्याला आणि घेणाऱ्याला असतो. बहुधा त्याच्याकडे पत्र किंवा संदेश आलेला असतो आणि तो न वाचता पडलेला असतो. जर्मनीत फॉर्म अपुरा असेल तर पार्सल जवळच्या सीमाशुल्क कचेरीत ठेवतात आणि घेणाऱ्याला किमतीचा पुरावा घेऊन बोलावतात. अशा वेळी साडीचं बिल, फॉर्मची प्रत आणि 'ही वस्तू मी मुलीला भेट म्हणून पाठवली आहे' असं सहीनिशी लिहिलेलं साधं इंग्रजी पत्र यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की काम भागतं. त्यासाठीच बुकिंगच्या दिवशी भरलेल्या फॉर्मचा आणि उघड्या खोक्याचा एकेक फोटो काढून ठेवा.

'आपलं पार्सल अडलं आहे, या दुव्यावर थोडे पैसे भरा' असे बनावट संदेशही हल्ली सगळीकडे फिरतात, आणि पार्सलची वाट बघणारा माणूस त्यांना सहज फसतो. संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नये. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन, पावतीवरचा क्रमांक घालून, खरंच काही देणं आहे का ते पाहावं.

इतकं करूनही पार्सलचा पत्ता लागला नाही, तर जिथे बुकिंग केलं त्या कचेरीत लेखी चौकशी अर्ज द्या. जागतिक टपाल संघाच्या नियमानुसार पार्सल टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत अशी चौकशी करता येते. अर्जासोबत मूळ पावती लागते, म्हणून ती पार्सल पोहोचल्याचा फोन येईपर्यंत टाकून देऊ नका.